पडद्यावरची रेघ काय सांगत होती?

चंद्रावर उतरणारे यान असो, मेट्रो असो की रस्त्यावरची मोटार. तिच्या प्रवासाची सारी हकिकत एका रेघेत मावते. शाळेच्या वहीतला वेग-काल आलेख एकदा वाचता आला, की मग तो जन्मभर उपयोगी पडतो.

७ सप्टेंबर २०१९. रात्रीचा दीड वाजून गेला होता. बंगळूरच्या पीण्या भागातल्या इस्रोच्या 'इस्ट्रॅक' या केंद्रात दिवे लखलखत होते. संगणकांसमोर शास्त्रज्ञ बसले होते. काचेपलीकडच्या दालनात पंतप्रधान होते आणि देशभरातून निवडून आणलेली शाळकरी मुलेही होती. घरोघरी लोक झोप मोडून दूरचित्रवाणीसमोर बसले होते. चांद्रयान-२ मधील 'विक्रम' हे उतरणयान तीस किलोमीटर उंचीवरून चंद्राकडे निघाले होते.

समोरच्या भव्य पडद्यावर एक लाल रेघ आखलेली होती. यानाने कोणत्या वाटेने उतरावे, हे सांगणारी ती रेघ. तिच्यावरून एक हिरवी रेघ हळूहळू पुढे सरकत होती. यान प्रत्यक्षात कुठे आहे, हे ती दाखवत होती. बराच वेळ हिरवी रेघ लाल रेघेला धरून चालली. टाळ्याही पडल्या. मग अगदी शेवटच्या टप्प्यात ती किंचित बाजूला सरकली, आणि थोड्या वेळाने जागच्या जागी थांबली. दालनात शांतता पसरली. काही वेळाने इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष के. सिवन यांनी जाहीर केले, की २.१ किलोमीटर उंचीपर्यंत सारे ठरल्याप्रमाणे चालले होते, त्यानंतर यानाशी असलेला संपर्क तुटला.

त्या रात्री कोट्यवधी लोकांनी एक आलेख पाहिला. तो उंचीचा होता. त्याच्या शेजारी मात्र यानाचा आडवा वेग आणि उभा वेग यांचे आकडे भराभर बदलत होते. नेमके काय बिघडले, ते त्या आकड्यांतच दडले होते. ते समजून घ्यायला मोठे गणित लागत नाही. नववीच्या विज्ञानात शिकवला जाणारा वेग-काल आलेख पुरतो.

डोंगर नव्हे, वेग!

महाराष्ट्राच्या नववीच्या पुस्तकात हा विषय 'गतीचे नियम' या पहिल्याच धड्यात येतो. कर्नाटकातल्या किंवा दिल्लीतल्या मुलांनाही तो याच वयात भेटतो. आणि सगळीकडे मुलांची गडबडही सारखीच होते. रेघ वर गेली, आडवी झाली, मग खाली आली, असा आलेख समोर ठेवून 'काय दिसते?' असे विचारले, तर बरीच मुले सांगतात, 'गाडी टेकडी चढली, सपाटीवर चालली आणि उतरली.' आलेख त्यांना चित्रासारखा दिसतो.

दुसरी चूक याहून सार्वत्रिक आहे. आडवी रेघ दिसली, की 'गाडी थांबली' असे मुले लिहून मोकळी होतात. याचे कारण असे, की त्याआधी ती अंतर-काल आलेख शिकलेली असतात, आणि तिथे हे उत्तर बरोबर असते. रेल्वेच्या नियंत्रण कक्षात गाड्यांचा जो तक्ता असतो, तो याच जातीचा. त्यात एका बाजूला स्थानके, दुसऱ्या बाजूला वेळ आणि प्रत्येक गाडीची एक तिरपी रेघ. जितकी उभट रेघ, तितकी गाडी जलद. रेघ आडवी झाली, की गाडी स्थानकात उभी.

वेग-काल आलेखात मात्र आडव्या रेघेचा अर्थ अगदी निराळा आहे. गाडी थांबलेली नाही. ती एकाच वेगाने धावते आहे. थांबलेली गाडी इथे तळाच्या अक्षाला टेकलेली दिसते. आणि खाली उतरणारी रेघ म्हणजे गाडी मागे फिरली असेही नाही. ती पुढेच चालली आहे, फक्त सावकाश होत होत.

म्हणून पहिला धडा असा: रेघेकडे नंतर पाहावे, आधी दोन्ही अक्षांवर काय लिहिले आहे ते वाचावे. पत्त्यावरचे नाव न वाचता पाकीट फोडू नये, तसेच हे.

मेट्रोतली ऐंशी सेकंदे

आता बंगळूरच्या मेट्रोत बसू. २० ऑक्टोबर २०११ रोजी बैयप्पनहळ्ळी ते महात्मा गांधी रोड या मार्गावर 'नम्म मेट्रो' पहिल्यांदा धावली. पुढे २०१४ च्या मार्चमध्ये दुसरी मार्गिका पीण्यापर्यंत पोचली, म्हणजे जिथे चांद्रयानाचे नियंत्रण केंद्र आहे त्याच भागात. या गाडीत उभे राहून प्रवास करणाऱ्याच्या पायांना वेग-काल आलेख रोज कळत असतो. त्याला फक्त ते नाव ठाऊक नसते.

समजा, गाडी एका स्थानकातून सुटली. पहिल्या २० सेकंदांत तिचा वेग शून्यापासून सेकंदाला २० मीटर झाला. ताशी किलोमीटरच्या हिशेबात हा वेग ७२ होतो. (सेकंदाच्या मीटरला ३.६ ने गुणले, की ताशी किलोमीटर मिळतात.) पुढची ४० सेकंदे ती याच वेगाने धावली. शेवटच्या २० सेकंदांत ब्रेक लागले आणि ती पुढच्या स्थानकात उभी राहिली.

आलेख कागदावर आडव्या अक्षावर सेकंद आणि उभ्या अक्षावर वेग घेतला, की तीन तुकडे दिसतात. एक चढती रेघ, एक आडवी रेघ, एक उतरती रेघ. भूमितीच्या भाषेत हा समलंब चौकोन.

चढत्या रेघेवर काय घडते? दर सेकंदाला वेग एक मीटर प्रति सेकंदाने वाढतो. या वाढीच्या दरालाच पुस्तकात 'त्वरण' म्हणतात. आलेखात तो रेघेच्या चढातून दिसतो. चढ जितका उभा, तितका वेग झपाट्याने वाढतो. उतरत्या रेघेवर हेच उलटे होते, म्हणून त्याला ऋण त्वरण म्हणायचे.

आता गंमत पाहा. गाडी सुटताना उभा असलेला प्रवासी मागे झुकतो. ब्रेक लागताना तो पुढे जातो. आणि मधल्या ४० सेकंदांत? काहीच नाही. गाडी ताशी ७२ किलोमीटरने पळत असते, तरी डोळे मिटले तर ती उभी आहे की चालली आहे हे शरीराला नीटसे सांगता येत नाही. याचा अर्थ असा, की आलेखातली रेघेची उंची आपल्या अंगाला कळत नाही, कळतो तो रेघेचा चढ किंवा उतार. तोल जातो तो वेगाने नव्हे, वेग बदलल्याने.

रेघेखालची जागा

आलेखात आणखी एक गोष्ट लपलेली असते, आणि तीच सर्वांत मोलाची आहे. ती रेघेवर नसून रेघेच्या खाली असते.

मधली ४० सेकंदे घ्या. सेकंदाला २० मीटर या वेगाने गाडी ४० सेकंदांत ८०० मीटर जाणार, हे कुणीही तोंडी सांगेल. पण २० गुणिले ४० हा गुणाकार आलेखात कुठे दिसतो? आडव्या रेघेखालच्या आयताची उंची २० आणि लांबी ४०. म्हणजे त्याचे क्षेत्रफळ ८००. रेघेखालचे क्षेत्रफळ म्हणजेच कापलेले अंतर!

आता सुरुवातीच्या तिरप्या भागाखाली त्रिकोण आहे. त्याचे क्षेत्रफळ २० गुणिले २० च्या निम्मे, म्हणजे २००. शेवटच्या त्रिकोणाचेही तेवढेच. एकूण बेरीज १२०० मीटर. गाडीने दोन स्थानकांमध्ये सव्वा किलोमीटरला थोडे कमी अंतर कापले, हे एक सूत्रही पाठ न करता कळले.

ज्यांना सूत्रांची धास्ती वाटते, त्यांनी चौकटी मोजाव्यात. आलेख कागदावर आडवी एक चौकट १० सेकंदांची आणि उभी एक चौकट सेकंदाला ५ मीटर वेगाची घेतली, तर एक चौकट म्हणजे ५० मीटर. मेट्रोच्या रेघेखाली पुऱ्या-अर्ध्या मिळून अशा २४ चौकटी भरतात. चोवीस गुणिले पन्नास, पुन्हा बाराशेच.

मुले घोकत बसतात ते गतीचे दुसरे समीकरणही याच चित्रातून निघते. सुरुवातीलाच काही वेग असलेली गाडी वेग वाढवत निघाली, तर रेघेखाली एक आयत आणि त्यावर एक त्रिकोण दिसतो. आयत म्हणजे सुरुवातीचा वेग गुणिले काळ. त्रिकोण म्हणजे त्वरण गुणिले काळाचा वर्ग, त्याच्या निम्मे. दोघांची बेरीज हेच ते समीकरण. चित्र डोळ्यांसमोर असले, की ते 'निम्मे' कुठून आले असा प्रश्न पडत नाही.

ही युक्ती फार जुनी आहे. चौदाव्या शतकात निकोल ओरेम नावाच्या फ्रेंच विद्वानाने काळासाठी एक आडवी रेघ आखली आणि त्यावर त्या त्या क्षणीचा वेग दाखवणाऱ्या उभ्या रेघा उभ्या केल्या. त्यांनी व्यापलेले क्षेत्र म्हणजे अंतर, हे त्याने दाखवून दिले. पुढे गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पडणाऱ्या वस्तूंचे नियम सांगताना अशाच आकृतीचा आधार घेतला. ज्या काळात सेकंद मोजणारे धड घड्याळही नव्हते, त्या काळात सुचलेली ही कल्पना आज चंद्रावर यान उतरवायला कामी येते.

साडेअकरा मिनिटांचा ब्रेक

चंद्रावर उतरणे हे एका अर्थाने ब्रेक लावण्याचेच काम आहे. पृथ्वीवर परतणाऱ्या यानाला हवेचा अडथळा मिळतो, हवाई छत्री उघडता येते. चंद्रावर हवाच नाही. तिथे वेग कमी करायचा तर इंजिने प्रवासाच्या उलट दिशेला पेटवायची, एवढाच मार्ग. आणि हे सारे यानाने स्वतःच करायचे. बंगळूरहून निघालेला संदेश चंद्रापर्यंत पोचायलाच सव्वा सेकंदाहून जास्त वेळ लागतो, आणि उत्तर यायला तेवढाच. 'जरा सावर' असे सांगेपर्यंत उशीर झालेला असतो.

चांद्रयान-३ साठी इस्रोने जी योजना आखली होती, तिचे आकडे पाहिले तर नववीच्या वहीतला आलेखच समोर येतो. उतरणीच्या सुरुवातीला यानाचा आडवा वेग सेकंदाला १,६८० मीटर, म्हणजे ताशी सहा हजार किलोमीटरच्या वर. पहिला टप्पा ६९० सेकंदांचा, म्हणजे साडेअकरा मिनिटांचा. त्यात हा वेग ३५८ पर्यंत खाली आणायचा. पुढची १० सेकंदे यान आपली स्थिती ठीकठाक करणार, तेवढ्यात वेग ३३६ वर येणार. मग १७५ सेकंदांचा बारीक ब्रेकचा टप्पा. त्याच्या शेवटी आडवा वेग जवळजवळ शून्य.

पहिल्या टप्प्याचा उतार काढू. १,६८० मधून ३५८ गेले, उरले १,३२२. त्याला ६९० ने भागले, तर दर सेकंदाला वेग सुमारे १.९ मीटर प्रति सेकंदाने कमी होतो. आपल्या उदाहरणातली मेट्रो दर सेकंदाला एकने वेग कमी करत होती. चंद्रावरचा ब्रेक त्याच्या दुपटीहून थोडा कमीच! फरक इतकाच, की तो वीस सेकंद नव्हे, तर साडेअकरा मिनिटे न चुकता लावून धरायचा असतो.

आता रेघेखालची जागा मोजू. सुरुवातीच्या आणि शेवटच्या वेगाची सरासरी १,०१९. तिला ६९० ने गुणले, की सुमारे ७०३ किलोमीटर येतात. इस्रोच्या योजनेत या टप्प्याचे अंतर ७१३.५ किलोमीटर दिले होते. शाळेच्या गणितात आणि अंतराळयानाच्या गणितात जेमतेम दीड टक्क्याचा फरक!

तोही फरक का पडला, हे आलेखच सांगतो. आपण रेघ सरळ धरली. पण इंधन जळते तसे यान हलके होत जाते, आणि हलक्या यानाला तोच जोर अधिक जाणवतो. म्हणून सुरुवातीला उतार मंद आणि नंतर अधिक उभा होऊ लागतो. रेघ थोडी वर फुगते, आणि तिच्याखालची जागा थोडी वाढते.

मधल्या दहा सेकंदांची सरासरी ३४७, म्हणजे अंतर सुमारे साडेतीन किलोमीटर. योजनेत होते ३.४८. शेवटच्या १७५ सेकंदांखाली त्रिकोण आहे. त्याचे क्षेत्रफळ साडेएकोणतीस किलोमीटरच्या आसपास, योजनेत साडेअठ्ठावीस. कुणाही विद्यार्थ्याने अर्ध्या तासात करून पाहावे असे हे गणित आहे.

वेग कमी झाला, तेच नडले!

आता २०१९ च्या त्या रात्रीकडे परत जाऊ. नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारने लोकसभेत जी माहिती दिली, ती अशी: तीस किलोमीटरपासून ७.४ किलोमीटर उंचीपर्यंतचा पहिला टप्पा व्यवस्थित पार पडला. वेग सेकंदाला १,६८३ मीटरवरून १४६ वर आला. दुसऱ्या टप्प्यात मात्र वेग ठरवलेल्यापेक्षा जास्त घटला. त्यामुळे बारीक ब्रेकचा टप्पा सुरू होताना यानाची स्थिती आखलेल्या मर्यादेबाहेर गेली होती. परिणामी 'विक्रम' ठरलेल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत, पण जोरात आदळले.

वाचणारा इथे अडखळतो. वेग जास्त कमी झाला, तर चांगलेच की! हळू जाणारे यान आपटेल कसे?

उत्तर रेघेखालच्या जागेत आहे. उतरण्याची जागा आधीच ठरलेली असते, म्हणजे रेघेखाली किती क्षेत्रफळ भरायचे तेही ठरलेले असते. रेघ मध्येच योजनेपेक्षा खाली घसरली, तर तेवढी जागा कमी भरली जाते. म्हणजे यान मागे पडते आणि पुढे कापायचे अंतर शिल्लक राहते. दरम्यान उंची मात्र कमी होतच असते.

इस्रोचे नंतरचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी जुलै २०२३ मध्ये हे अधिक उलगडून सांगितले. पाचही इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर लावला, आणि लहान लहान चुका साचत गेल्या. त्या सुधारण्यासाठी यानाला फार झपाट्याने वळावे लागणार होते. पण किती वेगाने वळायचे यावर संगणकाच्या आज्ञावलीतच मर्यादा घातलेली होती. त्यातून उतरण्याची जागा अवघी ५०० मीटर लांब आणि ५०० मीटर रुंद. जमीन जवळ आलेली असतानाही यान तिथवर पोचण्यासाठी वेग वाढवत राहिले.

सहामाहीत कमी पडलेले गुण वार्षिक परीक्षेत भरून काढता येतात. पण परीक्षा संपायला दहा मिनिटे उरली असताना राहिलेले सारे प्रश्न सोडवायला घेतले, तर हात आणि डोके दोन्ही साथ देत नाहीत. 'विक्रम'चे तसेच झाले.

त्या पहाटे निरोप घेताना सिवन यांना अश्रू आवरले नाहीत, आणि पंतप्रधानांनी त्यांना जवळ घेतले. ते दृश्य सर्वांच्या लक्षात राहिले. पण त्याच वेळी चांद्रयान-२ चा ऑर्बिटर मात्र चंद्राभोवती व्यवस्थित फिरत होता. चार वर्षांनी नव्या यानाशी संपर्क साधायला त्याचीच मदत झाली.

चुकीची वजाबाकी

अपयशानंतर शास्त्रज्ञांनी काय केले? शिकण्यासारखे आहे ते हेच. त्यांनी काय काय बरोबर जाईल याची यादी केली नाही. काय काय चुकू शकते, याची केली.

एक, उतरण्याची जागा वाढवली. ५०० मीटरच्या चौकोनाऐवजी चार किलोमीटर लांब आणि २.४ किलोमीटर रुंद पट्टा घेतला. रेघेखालचे क्षेत्रफळ थोडे कमी-अधिक भरले, तरी चालेल अशी सोय झाली. दोन, पाचाऐवजी चार इंजिने ठेवली. तीन, इंधन जास्त दिले. चार, सेकंदाला तीन मीटर वेगाने टेकले तरी टिकतील असे पाय मजबूत केले. हा वेग ताशी ११ किलोमीटरपेक्षाही कमी, म्हणजे सावकाश चाललेल्या सायकलीएवढा.

पाचवी भर आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. लेसरच्या साहाय्याने चंद्राच्या पृष्ठभागाच्या तुलनेत यानाचा वेग थेट मोजणारे उपकरण बसवले. रेघ योजनेपासून सरकते आहे, हे कळायचे तर आधी रेघ अचूक काढता आली पाहिजे! यानाची उपकरणे हेलिकॉप्टरच्या मदतीने तपासली, आणि इंजिनांसह सारी यंत्रणा उंच क्रेनच्या आधाराने चाचणीला लावली.

१४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ श्रीहरिकोट्याहून उडाले. २३ ऑगस्टला सायंकाळी पावणेसहाच्या सुमारास उतरण सुरू झाली. पुन्हा पीण्याचे तेच केंद्र, पुन्हा पडद्यावर तशीच वाट. प्रकल्प संचालक पी. वीरमुथुवेल आणि सहयोगी संचालक के. कल्पना यांच्या चमूच्या नजरा आकड्यांवर खिळल्या होत्या. आडवा वेग उतरत उतरत शून्याजवळ आला. सहा वाजून चार मिनिटांनी यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात अलगद टेकले. सोव्हिएत संघ, अमेरिका आणि चीन यांच्यानंतर चंद्रावर अलगद उतरणारा भारत चौथा देश ठरला, आणि दक्षिण ध्रुवाच्या इतक्या जवळ उतरणारा पहिला. २३ ऑगस्ट हा दिवस आता राष्ट्रीय अंतराळ दिन म्हणून पाळला जातो.

तीच रेघ, आपल्या रस्त्यावर

चंद्र दूर आहे. बंगळूरचा बाह्य वळण रस्ता किंवा मुंबई-पुणे महामार्ग आपल्या रोजच्या वाटेवर आहे. तिथेही हा आलेख जीव वाचवतो.

समजा, एक मोटार ताशी ३६ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १० मीटरने चालली आहे. समोर काही आडवे आले. चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला. त्या सेकंदात गाडी १० मीटर पुढे गेली. ब्रेकने वेग दर सेकंदाला ५ ने कमी होतो असे धरले, तर गाडी थांबायला दोन सेकंद लागतात. आलेखातल्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ १० मीटर. एकूण २० मीटरमध्ये गाडी थांबली.

आता वेग दुप्पट करा, ताशी ७२. पहिल्या सेकंदात २० मीटर. थांबायला चार सेकंद, त्रिकोण ४० मीटरचा. एकूण ६० मीटर! वेग दुप्पट झाला, थांबण्याचे अंतर तिप्पट झाले. नुसत्या ब्रेकचा भाग तर चौपट. कारण त्रिकोणाची उंचीही दुप्पट झाली आणि पायाही.

एखादे मूल चाळीस मीटरवर चेंडूमागे धावत आले, तर पहिली गाडी त्याच्या वीस मीटर अलीकडेच उभी राहील. दुसरी गाडी तिथे पोचेल तेव्हा ब्रेक पूर्ण दाबलेला असूनही तिचा वेग ताशी सुमारे ५१ किलोमीटर असेल. 'ब्रेक तर लावला होता' हे वाक्य अशा वेळी खरे असते, पण उपयोगाचे नसते. घरातल्या नव्याने वाहन शिकणाऱ्या मुलामुलींना उपदेश करण्यापेक्षा हे दोन त्रिकोण कागदावर काढून दाखवावेत.

घरी करून पाहा

पुढच्या वेळी मोटारीने प्रवास करताना मागे किंवा शेजारी बसलेल्या दोघांनी हा खेळ खेळावा. (वाहन चालवणाऱ्याने यात मुळीच भाग घेऊ नये.) एकाने घड्याळ पाहून दर दहा सेकंदांनी 'आता' म्हणायचे. दुसऱ्याने वेगदर्शकावरचा आकडा टिपायचा. पाच मिनिटांत तीस आकडे मिळतील. सुरुवातीला आणि शेवटी एकूण किलोमीटरचा आकडाही लिहून ठेवावा.

घरी आल्यावर ताशी किलोमीटरचे सेकंदाचे मीटर करावेत, म्हणजे ३.६ ने भागावे. आलेख काढावा. रेघेखालच्या चौकटी मोजून अंतर काढावे आणि गाडीने दाखवलेल्या अंतराशी ताडून पाहावे. दोन्ही बरेच जवळ येतील. गर्दीच्या रस्त्यावरचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा येईल. रेघ वर गेली की लगेच खाली. हे दाते पाहिल्यावर शहरात ताशी साठने गाडी पळवूनही घरी पोचायला तेवढाच वेळ का लागतो, हेही आपोआप कळेल. शिखरे उंच असली, तरी त्यांच्याखालची जागा अरुंद असते.

मुलाने वहीत रेघ काढून 'आता हिचा काय उपयोग?' असे विचारले, तर त्याला पीण्याच्या त्या दोन प्रसंगांची गोष्ट सांगावी. एका रात्री रेघ थोडी घसरली आणि सारे थांबले. चार वर्षे माणसांनी ती घसरण मोजली, तिची कारणे शोधली आणि एका संध्याकाळी रेघ बरोबर शून्यावर आणून टेकवली. मग पेन्सिल त्याच्या हातात द्यावी आणि म्हणावे, 'आधी अक्षांवर काय लिहिले आहे ते वाच.'